फेडररची ९० आणि फेडररची ९७ : रॅकेट बदलली की खेळाडूचं काय काय बदलतं?

मुळाकाठ

टेनिसपटूने रॅकेट बदलली की बातमी होते ती कराराची. कुठली कंपनी सोडली, कुठली धरली, एवढ्यावर विषय संपतो. खेळावर त्याचा परिणाम काय झाला हे खोलात जाऊन फारसं कोणी लिहीत नाही. मला त्याबद्दल बोलायचं आहे. सुरुवात फेडररपासून करतो, कारण सगळ्या जगासमोर आधी फसलेला आणि मग जमलेला असा बदल दुसऱ्या कोणाचा मला आठवत नाही.

२००१ च्या विम्बल्डनला त्याने सॅम्प्रासला पाच सेटमध्ये हरवलं तेव्हा दोघांच्या हातात एकच मॉडेल होतं. विल्सन प्रो स्टाफ ६.०, हेड साइज (म्हणजे तारा लावलेल्या भागाचं क्षेत्रफळ) ८५ चौरस इंच. त्यानंतर लवकरच फेडरर ९० वर गेला आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिला. २००३ ते २०१२ मधली त्याची सतराच्या सतरा ग्रँड स्लॅम त्या ९० ची. बाकीचे बहुतेक जण तोवर ९५, ९८, १०० वर गेलेले. नदालच्या हातात बाबोलाटची १०० होती.

चेंडू मधोमध बसला की ती ९० काय करू शकते हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. फोरहँडला तर तिला तोड नव्हती. पण नदालचा डावखुरा टॉपस्पिन (पुढे फिरत येणारा चेंडू) खांद्याच्या वर उसळून त्याच्या एकहाती बॅकहँडवर यायचा, तिथे मधोमध गाठणं अवघड व्हायचं. चेंडू फ्रेमला लागून वर उडायचा, नाहीतर अर्ध्या कोर्टात पडायचा. रोलाँ गॅरोसचे त्यांचे सामने पुन्हा बघा, नदाल तेवढ्या एका जागेवर तासन् तास खेळतो.

२०१३ च्या विम्बल्डनला फेडरर दुसऱ्याच फेरीत स्टाखोव्स्कीकडून हरला. सलग ३६ ग्रँड स्लॅमच्या उपांत्यपूर्व फेऱ्यांची मालिका तिथे तुटली. लगेच पुढच्या हँबर्गला तो काळी, बिननावाची, ९८ इंची रॅकेट घेऊन उतरला. उपांत्य फेरीत डेल्बोनिसकडून हरला, मग ग्श्टाडला ब्रँड्सकडून. पाठही दुखत होती. अमेरिकेतल्या स्पर्धांना पुन्हा जुनी ९० हातात, आणि यूएस ओपनला रॉब्रेडोकडून हार.

मग मोसम संपल्यावर त्याने नीट वेळ घेतला. २०१४ च्या सुरुवातीपासून नवी रॅकेट, जी पुढे आरएफ ९७ म्हणून बाजारात आली. त्या वर्षी अकरा अंतिम फेऱ्या, विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात जोकोविचशी पाच सेट, वर्षाअखेर दुसरा क्रमांक. आणि २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात नदालसमोर पाचव्या सेटमध्ये १-३ ने मागे असताना तो बॅकहँड! त्या वर्षी तो नदालशी चारदा खेळला आणि चारही वेळा जिंकला.

माझं म्हणणं असं : रॅकेटचा बदल लागू पडतो तो खेळातलं एखादं नेमकं भगदाड बुजवण्यासाठी केलेला असेल तर, आणि स्पर्धांपासून लांब राहून हात बसू दिला तर. २०१३ मध्ये पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती. तुमची मतं आणि इतर उदाहरणं वाचायला आवडतील.

दख्खनचा_वारा

धागा आवडला, पण २०१७ चं श्रेय रॅकेटला देणं मला पटत नाही. गुडघ्यामुळे सहा महिने विश्रांती मिळाली होती, ताजातवाना होऊन आला होता. २०१६ पासून ल्युबिचिच प्रशिक्षक होता. बॅकहँडला स्लाइस (चेंडू खालून कापत मारलेला फटका) कमी करून चेंडू उसळताच पुढे घुसून मारायचा हे ठरवून केलेलं होतं. ९७ तर त्याच्याकडे २०१४ पासून होती. मग २०१४ च्याच ऑस्ट्रेलियन ओपनला उपांत्य फेरीत नदालने त्याला सरळ तीन सेटमध्ये कसं हरवलं?

मुळाकाठ

प्रश्न रास्त आहे. २०१४ ची ती स्पर्धा म्हणजे नव्या रॅकेटचा पहिला महिना होता. शिवाय तुम्ही म्हणता तेच, चेंडू उसळताच मारायचा, हे ९० ने करून बघा. उसळता चेंडू अर्धवट चढलेला असतो, वेळ कमी, नेम चुकायची शक्यता जास्त. ९७ मुळे त्या फटक्याला माफी मिळाली, म्हणून ल्युबिचिच त्याला तो फटका खेळ म्हणू शकला. डावपेच आधी की रॅकेट आधी, हे वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही.

जडत्व

मी यंत्र अभियंता आहे, त्यामुळे 'माफी मिळाली' याचा हिशोब मांडतो.

चेंडू मधल्या रेषेपासून बाजूला लागला की रॅकेट मुठीत गर्रकन फिरायला बघते. तिला फिरू न देणारा गुण म्हणजे ट्विस्टवेट. हेडच्या कडेला असलेलं वजन मधल्या रेषेपासून जितकं लांब, त्या अंतराच्या वर्गाच्या पटीत हा गुण वाढतो. म्हणून हेड थोडंसंच रुंद केलं तरी फरक हाताला चांगला कळतो. ९० वरून ९७ म्हणजे क्षेत्रफळात जेमतेम ८ टक्क्यांची वाढ, पण बाजूला लागलेला चेंडू पूर्वीपेक्षा बराच सरळ जातो.

दुसरा गुण स्विंगवेट. रॅकेट फिरवताना किती जड वाटते ते. हे मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवरच्या अक्षाभोवती मोजतात. रॅकेटच्या अगदी शेंड्याला ३ ग्रॅम शिशाची पट्टी चिकटवली तर स्विंगवेट साधारण १० अंकांनी वाढतं. तेच ३ ग्रॅम मुठीजवळ, त्या अक्षापाशी लावले तर जवळपास शून्य वाढ. काट्यावर दोन्ही रॅकेटचं वजन सारखंच, हातात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून दुकानात नुसते ग्रॅम बघून रॅकेट निवडणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं.

फेडररच्या बाबतीत मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याने वजन उतरवलं नाही. आरएफ ९७ तारांशिवाय ३४० ग्रॅम, तारांसकट साडेतीनशेच्या पुढे, म्हणजे जुन्या ९० च्या घरातच. तारांची वीणही तीच, १६ बाय १९, म्हणजे १६ उभ्या आणि १९ आडव्या तारा. तारा तशाच, उभ्या नैसर्गिक गटच्या (जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या) आणि आडव्या पॉलिएस्टरच्या. बदललं ते हेड, आणि फ्रेमची जाडी, जी साडेएकवीस मिलिमीटरवर गेली. जाड फ्रेम कमी वाकते, चेंडूला जास्त वेग देते. त्याची सर्व्हिसही त्यामुळे सुटसुटीत झाली असं मला २०१४ मध्ये सतत जाणवायचं.

शारदा_७१

जडत्व, इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

सॅम्प्रासबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो शेवटपर्यंत ८५ वरच राहिला. तीही शिसं लावून तारांसकट ३८० ग्रॅमच्या पुढे नेलेली, नैसर्गिक गट सत्तरच्या वर पौंडांनी ताणलेलं. त्याला सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या कारखान्यातल्या जुन्या फ्रेमच लागायच्या. निवृत्तीनंतर त्याने स्वतः बोलून दाखवलं की मोठ्या हेडची रॅकेट वापरून बघायला हवी होती, निदान मातीवर. चौदा ग्रँड स्लॅम जिंकलेल्या माणसाची फ्रेंच ओपनमधली मजल १९९६ च्या उपांत्य फेरीपलीकडे गेली नाही. गवतावर त्याच रॅकेटने तो अजिंक्य वाटायचा, म्हणून ती सोडवेना. मला हे फार माणसासारखं वाटतं. ज्या गोष्टीने आपल्याला घडवलं ती आपली वाढ अडवते आहे, हे ऐन भरात कोणाला दिसणार?

दख्खनचा_वारा

शारदाताई, त्याच काळात अगासी हेड कंपनीच्या १०७ इंची रॅडिकलने खेळत होता. एकाच देशातले, एकाच पिढीतले दोन सर्वोत्तम खेळाडू, आणि हेडमध्ये २२ चौरस इंचांचं अंतर. एकाला जगातली सर्वोत्तम सर्व्हिस करायची होती, दुसऱ्याला ती परतवायची होती. सर्व्हिस करताना चेंडू आपल्याच हातातून येतो, छोटं हेड चालतं. ताशी २०० किलोमीटरने येणाऱ्या चेंडूला नुसतं आडवं जायचं तर मोठं हेड हवंच. आणि अगासीने १९९९ मध्ये फ्रेंच जिंकून चारही ग्रँड स्लॅम पूर्ण केली.

निंबोणी

सगळी उदाहरणं पुरुषांचीच झाली. मोठ्या हेडचा खरा इतिहास बायकांकडून सुरू होतो!

१९७६ मध्ये प्रिन्सची ११० इंची रॅकेट बाजारात आली, हॉवर्ड हेडची कल्पना. लोक तिला म्हाताऱ्यांची रॅकेट म्हणून हिणवायचे. १९७८ मध्ये पॅम श्रायव्हर नावाची सोळा वर्षांची मुलगी तीच रॅकेट घेऊन यूएस ओपनला उतरली, उपांत्य फेरीत तिने नवरातिलोवाला हरवलं आणि अंतिम सामन्यात ख्रिस एव्हर्टशी खेळली. लाकडी रॅकेटचं हेड तेव्हा ६५ च्या आसपास असायचं, म्हणजे श्रायव्हरच्या हातात जवळजवळ पावणेदोनपट मोठी जाळी होती. आज सगळे जे वापरतात त्याची वाट त्या मुलीने दाखवली.

सेरेनाची विल्सन ब्लेडही १०४ ची होती. तेवढी ताकद असलेली खेळाडूसुद्धा मोठं हेड वापरायची, कारण सामना जसजसा लांबतो तसतसा पाय थोडा उशिरा पोचतो आणि चेंडू मधोमध लागणं कमी होत जातं.

अलीकडचं उदाहरण श्वियांतेकचं. २०२० ची फ्रेंच ओपन तिने बिनमानांकित असताना, एकही सेट न गमावता जिंकली, प्रिन्सच्या रॅकेटने. आणि २०२१ उजाडताच टेक्निफायबर कंपनीची! जिंकलेली रॅकेट सोडते म्हणून मला तेव्हा धास्ती वाटली होती. २०२२ मध्ये तिने सलग ३७ सामने जिंकले. मुळाकाठ, तुमच्या सूत्रात हे बसत नाही. तिला कुठलं भगदाड बुजवायचं होतं?

मुळाकाठ

निंबोणी, खरंय, बसत नाही. पण वय बघा, ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. खेळ अजून घडत होता. फेडरर तिशी ओलांडल्यावर, हजारभर सामने एका फ्रेमने खेळल्यावर बदलायला निघाला. जितकी वर्षं जास्त, तितकं हाताला विसरायला जास्त. मोसमाच्या आधी बदल केला, हा भाग मात्र तिच्या बाबतीतही जुळतो.

खडू_आणि_रेघ

जोकोविच विसरलात का सगळे? २००८ चं ऑस्ट्रेलियन ओपन विल्सनने जिंकला. २००९ च्या जानेवारीपासून हेड कंपनी. त्यानंतर दोन वर्षं एकही ग्रँड स्लॅम नाही आणि डबल फॉल्टचा नुसता पाऊस. लोक सरळ रॅकेटला दोष द्यायचे. पण त्याच सुमारास टॉड मार्टिन प्रशिक्षक म्हणून त्याच्याबरोबर होता आणि सर्व्हिसची पद्धतच बदलायला घेतली होती. २०११ मध्ये त्याच कंपनीच्या रॅकेटने त्याने वर्षाच्या सुरुवातीपासून ४१ सामने सलग जिंकले. त्यात आहार बदलला होता, डेव्हिस कप जिंकल्याचा आत्मविश्वास होता. आता सांगा रॅकेटचा वाटा किती?

नंतरचा बदल त्याहून बारीक. कोपराच्या दुखण्यानंतर, २०१८ च्या सुरुवातीला, अगासी आणि स्टेपानेक प्रशिक्षक म्हणून सोबत असताना त्याने फ्रेम हलकी केली आणि तारांची वीण १८ बाय २० वरून १८ बाय १९ केली. एक आडवी तार कमी! बघणाऱ्याला कळणारही नाही. त्याच वर्षी विम्बल्डन आणि यूएस ओपन त्याच्याकडे. मला वाटतं मोठ्या खेळाडूंचे खरे बदल असेच असतात, रंगावरून ओळखता न येणारे.

जडत्व

एका तारेने फरक पडतो, खडू. तारांमधली मोकळी जागा वाढली की चेंडू जरा खोल रुततो, तार बाजूला सरकून परत जागेवर येते आणि फिरकी वाढते. वीण घट्ट असली की चेंडू कुठे जाणार याचा भरवसा जास्त. जोकोविचने भरवशातला अगदी थोडासा वाटा देऊन दुखऱ्या कोपराला आराम आणि फिरकी घेतली.

तारांमध्ये किती ताकद असते याचं टोकाचं उदाहरण १९७७ चं. नास्तासे दुहेरी विणीची, स्पॅगेटी नावाने गाजलेली रॅकेट घेऊन व्हिलासविरुद्ध उतरला. चेंडू असा काही उसळायचा की दोन सेटनंतर व्हिलास चिडून कोर्ट सोडून गेला. मातीवरच्या त्याच्या सलग ५३ विजयांची मालिका तिथे संपली. नंतर त्या विणीवर बंदी आली. फ्रेम तीच, फक्त तारा वेगळ्या.

गटिंग_कट्टा

मी गटिंगच्या, म्हणजे रॅकेटला तारा ताणून लावण्याच्या धंद्यात आहे, म्हणून दोन शब्द.

बालेवाडीला एटीपी स्पर्धा व्हायची (२०१८ ते २०२३ च्या दरम्यान) तेव्हा बघायला जायचो. २०१९ ची अंतिम फेरी अँडरसन आणि कार्लोविचची, तीनही सेट टायब्रेकला गेले. लोक एस (समोरच्याला स्पर्शही न करता आलेल्या सर्व्हिस) मोजत होते, माझं लक्ष रॅकेटच्या पिशवीवर. नवे चेंडू आले की नवी रॅकेट बाहेर काढायची ही सवय लेंडलने रुजवली. एका सामन्यासाठी सहा-सात रॅकेट गटिंग करून ठेवतात, एकदोन वेगळ्या ताणाच्या, ऊन किंवा गारवा वाढला तर असाव्यात म्हणून.

ताणाची गंमत बघा. बोर्ग लाकडी रॅकेटवर ८० पौंडांपर्यंत ताणायचा, फ्रेमच तुटायची. आज मानारिनो पंचविशीच्या आसपास खेळतो. आपल्याकडे कोणी २५ पौंड सांगितलं तर मी दोनदा विचारीन. पण त्याचा फटका आखूड, सपाट, दुसऱ्याचा वेग वापरून घेणारा. त्याला सैल तारांमधून फुकटचा वेग मिळतो. नदालसारखा हात फिरवणाऱ्याने त्या ताणावर मारलं तर चेंडू प्रेक्षकांत जाईल.

दुसरं, रंगाबद्दल. खेळाडूच्या हातातली रॅकेट आणि दुकानातली रॅकेट एकच असते असं समजू नका. मरेच्या हातात दरवर्षी नवी रॅडिकल दिसायची, आत फ्रेम नव्वदच्या दशकातल्या प्रो टूरच्या घराण्यातली. वरचा रंग नवा, साचा जुना. कंपनीला नवं मॉडेल विकायचं असतं, खेळाडूला हातात बसलेली फ्रेम सोडायची नसते. मला यात खेळाडूचं काही चुकतं असं वाटत नाही. पण बाराशे-पंधराशेचं गटिंग करतानाही घासाघीस करावी लागणारा पालक मुलासाठी तोच रंग बघून पंचवीस हजारांची रॅकेट घेऊन येतो, तेव्हा जीव तुटतो.

वडगावची_सायली

गटिंग कट्टा, तुमच्यासाठीच प्रश्न. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, जिल्हा पातळीवर खेळतो. त्याला अल्कारासची प्युअर एरो ९८ हवी आहे, आणि तारा पण त्याच, काळ्या आरपीएम ब्लास्ट. सध्या २७० ग्रॅमची १०० इंची आहे. गेले काही दिवस कोपर दुखतो म्हणतो. काय करू?

गटिंग_कट्टा

सायलीताई, आधी डॉक्टरांना कोपर दाखवा. रॅकेटचं नंतर.

तारांबद्दल मात्र आजच सांगतो. काळी पॉलिएस्टर तार कडक असते. अल्काराससारखा जोर असेल तरच ती हलते आणि फिरकी देते, नाहीतर सगळा धक्का हाताला. शिवाय ती तुटत नाही, पण मरते. काही तास खेळलं की ताण उतरतो, लवचीकपणा जातो. मोठे खेळाडू सामन्यागणिक नवी लावतात. आपल्याकडे मुलं तीच तार तुटेपर्यंत महिनोन् महिने वापरतात आणि कोपर धरून बसतात. त्याला मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची मऊ तार) लावा, ५० पौंडांच्या आत. तुटेल लवकर, तुटू द्या.

९८ ची एरो ३०५ ग्रॅमची येते. २७० वरून एकदम ३०५ नको. मध्ये २८५ ची, १०० इंचीच बघा, स्पर्धा नसतील तेव्हा.

निंबोणी

सायली, माझी भाची याच वयाची आहे, तिला असंच समजावावं लागलं. त्याला सांगा की फेडररलाही हँबर्ग आणि ग्श्टाडनंतर परत जुन्या रॅकेटकडे जावं लागलं होतं. मुलं ऐकतात त्याचं नाव काढलं की.

खडू_आणि_रेघ

ताजं उदाहरण राहिलं, त्सित्सिपास. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पहिल्याच फेरीत हरला. विल्सन बाजूला ठेवली आणि दुबईला काळ्या रंगाची बाबोलाट घेऊन उतरला. तीच स्पर्धा जिंकला! ५०० दर्जाच्या अकरा अंतिम फेऱ्या हरल्यानंतरचं पहिलं विजेतेपद. एकहाती बॅकहँडला उंच चेंडूवर जोर मिळतोय असं दिसत होतं. मुळाकाठ, हात बसायला वेळ लागतो म्हणता, मग हे काय?

मुळाकाठ

त्यानंतरचे महिने बघा ना. रोलाँ गॅरोसला दुसऱ्या फेरीत पात्रता फेरीतून आलेल्या गिगांतेकडून हार, विम्बल्डनला पहिल्या फेरीत पाठीमुळे सामना सोडला. पाठीचं दुखणं हे मोठं कारण, ते रॅकेटच्या माथी मारणार नाही. पण नव्या फ्रेमचा पहिला आठवडा अनेकदा फसवा असतो. हात मोकळा असतो, हरलं तरी रॅकेट नवी आहे म्हणता येतं, प्रतिस्पर्ध्यालाही चेंडू नेहमीपेक्षा वेगळा येतो. कसोटी लागते ती ४-५, ३०-४० वर दुसरी सर्व्हिस करताना. तिथे डोकं काम करत नाही, हात त्याला माहीत असलेलंच करतो, आणि त्याला माहीत असते जुनी रॅकेट.

शारदा_७१

हे वाचून १९९१ चा बोर्ग आठवला. आठ-नऊ वर्षांनी मॉन्टे कार्लोला परत आला तो लाकडी रॅकेट घेऊन. समोर जॉर्डी अरेसी, हातात ग्रॅफाइट. ६-२, ६-३. पुरुषांमध्ये लाकडी रॅकेटने शेवटचं ग्रँड स्लॅम नोआने १९८३ मध्ये जिंकलं होतं, म्हणजे तोवर आठ वर्षं उलटली होती. त्याला कोणी सांगितलं नसेल असं नाही. पण त्याचा हात तीच ओळखत होता.

वडगावची_सायली

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. काळी तार काढून मल्टिफिलामेंट लावायला दिली, ४८ पौंडांवर. मुलाचा एकच प्रश्न आहे : अल्कारास तेरा वर्षांचा असताना कुठल्या वजनाची वापरायचा?

गटिंग_कट्टा

त्याला म्हणावं, त्या वयात अल्कारासच्या हाताला जी झेपत होती ती. तारा लावून झाल्या की पहिले दोन दिवस फक्त अर्ध्या कोर्टात हळू रॅली खेळू द्या, सर्व्हिस नको. दुखलं तर थांबवा आणि इथे लिहा, ताण अजून दोन पौंड उतरवू.